हातापायांची कैफियत

मनुष्यदेहावर पसरलेल्या त्वचेत तळहात आणि तळपाय यांचा मुलूख सर्वस्वी निराळा आहे. शृंगस्तर, म्हणजे त्वचेचे सर्वांत बाहेरचे निर्जीव कवच, येथे इतर कोणत्याही भागापेक्षा कितीतरी पटींनी जाड असते. स्वेदग्रंथींची दाटी येथे विलक्षण असते. आणि त्वचेला नैसर्गिक तेल पुरवणाऱ्या तैलग्रंथी येथे मुळीच नसतात. जी कातडी उभ्या आयुष्यात सर्वांत अधिक घासली, भिजवली, तापवली आणि मळवली जाते, तिलाच स्वतःचे तेल नसावे, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे शरीराच्या इतर भागांना जे सहज सोसते ते हातापायांना का सोसत नाही, याचा उलगडा होऊ लागतो. इसबाच्या कारणांचा शोध येथूनच आरंभावा लागतो.

हातापायांचा इसब एका रूपात प्रकट होत नाही. कोणाच्या बोटांच्या कडांना आणि तळव्यांवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे खोल, पाणीदार फोड एका रात्रीत उठतात व त्यांची खाज झोप लागू देत नाही. कोणाची कातडी लाल होऊन चिघळते, तिला पाणी सुटते आणि मग खपल्या धरतात. आणि ज्यांचा रोग वर्षानुवर्षे मुरलेला आहे त्यांचे तळवे जाड, कोरडे, भेगाळलेले होतात, इतके की कणीक मळताना मिठाचा कण भेगेत शिरला तरी डोळ्यांत पाणी यावे. खरूज किंवा नायटा यांच्याप्रमाणे हा रोग एकाचा दुसऱ्यास लागत नाही, हे मात्र प्रथमच आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे. कारण हाताला इसब आहे एवढ्यावरून धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम सुटते, सुनेला स्वयंपाकघरात परकेपणा वाटू लागतो, दुकानातले गिऱ्हाईक हातातून सुटे पैसे घेताना कचरते. आणि हे सारे दुःख ज्या भयापोटी निर्माण होते त्या भयाला वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नाही.

आपल्याकडे इसब झाला की घरातली वडील माणसे प्रथम ताटाकडे पाहतात. वांगे बंद, आंबट बंद, सुकी मासळी बंद, आणि ‘रक्त शुद्ध’ करणारा काढा सुरू. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या थोड्या रुग्णांत अन्नातून पोटात जाणाऱ्या निकेलने हातावरचे फोड उसळू शकतात, हे खरे. त्यामुळे आहाराचा प्रश्न अगदीच गैरलागू आहे असे म्हणता येत नाही. परंतु बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत शोध घ्यायचा तो पोटात काय गेले याचा नसून हात कशाकशात गेले याचा. इटलीतील मोदेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रुग्णाला परंपरेने विचारावयाच्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटून गेली, तरी आपल्या दवाखान्यांतून मलमाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी हा प्रश्न विचारला जातोच असे नाही, आणि हातापायांच्या इसबाच्या बाबतीत तर हा प्रश्न न विचारणे म्हणजे निदान अर्ध्यावर सोडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण सर्वांत निरुपद्रवी दिसणारे आहे: पाणी. नुसत्या पाण्याने त्वचा मरत नाही. परंतु ओली होणे, सुकणे, पुन्हा ओली होणे या फेऱ्यांत शृंगस्तरातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे स्निग्ध द्रव्य वाहून जाते, आणि त्या पाण्यात साबण, धुण्याची पावडर किंवा भांडी घासण्याची वडी मिसळली की ही झीज कितीतरी वेगाने होते. जर्मनीच्या कामगारविषयक नियमांत पाळीतील सुमारे दोन तासांहून अधिक काळ हात ओले राहणे, किंवा तितकाच वेळ ते हवाबंद हातमोज्यांत राहणे, हे ‘ओले काम’ म्हणून जोखमीचे गणले गेले. या मापाने आपल्या शहरांतील धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांचे काम मोजावयास गेले तर माप कोठल्या कोठे ओलांडले जाते. पुण्यात अशाच एका बाईंशी बोलण्याचा योग आला. चार घरची भांडी, दोन घरची धुणी, शिवाय स्वतःच्या घरचे सारे. अंगठ्याच्या पेरावरची भेग त्यांनी चिकटपट्टीने बांधली होती आणि ती पट्टी दुपारपर्यंत भिजून सुटलेली होती. “डॉक्टर म्हणाले, पाण्यात हात घालू नका,” त्या म्हणाल्या, “आता तुम्हीच सांगा ताई, पाण्यात हात न घालता माझं कुठलं काम होतं?” या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. वैद्याचा सल्ला शास्त्रदृष्ट्या बिनचूक होता आणि व्यवहारदृष्ट्या निरुपयोगी होता. आणि या दोहोंतील अंतर हे त्या बाईंच्या आजाराचे तितकेच खरे कारण होते.

परिचारिकांचीही हीच अवस्था. करोनाच्या साथीत हात धुण्याचे प्रमाण वाढले तेव्हा जगभरच्या रुग्णालयांत हातांच्या इसबाच्या तक्रारी वाढल्या. त्या वेळी पुष्कळांनी दोष दिला तो मद्यार्कयुक्त द्रवाला, कारण तो भेगांत झोंबतो. वस्तुतः पुनःपुन्हा साबणपाण्याने हात धुणे हे त्वचेच्या तटबंदीला त्या द्रवापेक्षा अधिक घातक असते, आणि झोंबणे हे बहुधा आधीच झालेल्या हानीचे लक्षण असते.

पाण्याने आणि साबणाने होणारा हा इसब क्षोभजन्य होय. तो पुरेशा मात्रेत कोणासही होऊ शकतो. अ‍ॅलर्जीचा इसब याहून गहन आहे. त्याचा एक नमुना मी एका खानावळीच्या भटारखान्यात अगदी जवळून पाहिला. तेथे लसूण सोलण्याचे आणि चिरण्याचे काम एका मध्यमवयीन गृहस्थांकडे होते. त्यांच्या उजव्या हाताला काहीही झालेले नव्हते. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तिघांचीच टोके तेवढी कोरडी, तडकलेली, खवल्यांनी भरलेली. अनामिका आणि करंगळी अगदी स्वच्छ. मी त्यांना सोलण्याची कृती करून दाखवावयास सांगितले आणि एका क्षणात कोडे उलगडले: उजव्या हातात सुरी, डाव्या हाताच्या नेमक्या त्या तीन बोटांत लसणाची पाकळी. लसणातील डायअलिल डायसल्फाइड हे द्रव्य या खोडीचे मूळ आहे, आणि ते रबराच्या बहुतेक हातमोज्यांतूनही आरपार जाते, म्हणून ज्याने शहाणपणाने हातमोजे घातले त्याचीही सुटका होत नाही. रोगाने आपल्या कारणाचा नकाशा इतक्या सुबकपणे बोटांवर काढून ठेवावा, आणि तरीही त्या गृहस्थांनी तोवर घेतलेल्या कोणत्याही औषधोपचारात तो कोणी वाचलेला नसावा, याचे मला राहून राहून वैषम्य वाटले.

तो वाचला न जाण्याला आणखीही एक कारण आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. अ‍ॅलर्जीचा इसब हा विलंबाने उठणारा रोग आहे. द्रव्याशी प्रथम परिचय होतो तेव्हा वरकरणी काहीच घडत नाही. त्वचेतील रक्षक पेशी त्या द्रव्याचा अंश उचलून लसिकाग्रंथींत नेतात, तेथे लसिकापेशींच्या एका जातीला त्याची ओळख पटते, आणि सुमारे दोन आठवड्यांत ती ओळख शरीराच्या दप्तरी कायमची दाखल होते. पुढे कधीही, महिन्यांनी किंवा वीस वर्षांनी, तेच द्रव्य त्वचेला लागले की एक ते तीन दिवसांनी इसब उसळतो. म्हणजे गुरुवारी सुटलेल्या खाजेचा गुन्हेगार मंगळवारच्या कामात दडलेला असतो, आणि माणूस मात्र बुधवारी रात्री खाल्लेल्या वांग्याच्या भरताला दोष देत बसतो. ‘हे तर मी वर्षानुवर्षे वापरतोय’ ही सबब प्रत्येक रुग्ण सांगतो. परंतु अ‍ॅलर्जी जडते ती परिचयाच्याच वस्तूची.

क्षोभ आणि अ‍ॅलर्जी हे दोन्ही मार्ग एकाच माणसाच्या तळहातावर कसे एकत्र येतात, हे पाहावयाचे असेल तर गवंड्याचे हात पाहावेत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते; त्याने कातडी भाजून निघते, तिचे तेल जाते, भेगा पडतात. “सिमेंट हाताला खातं” असे गवंडी आणि बिगारी म्हणतात, आणि काम सोडून चार दिवस गावी गेले की बरेही वाटते. परंतु जालन्याकडून आलेल्या एका गवंड्याने मला जो प्रश्न विचारला तो कोणाही वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मनात धरावा असा होता. “खातं ते समद्यांनाच,” तो थापी खाली ठेवून म्हणाला, “पण बाकीच्यांचं दिवाळीला गावी गेलं की बरं होतं. माझं का होत नाही? आणि माझ्या पायाला का उठतं? पायानं तर मी माल कालवत नाही.”

याचे उत्तर सिमेंटच्या भट्टीत आहे. चुनखडी आणि माती यांत क्रोमियम हा धातू अल्पांशाने असतोच. सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत त्याचा काही भाग अशा रूपात जातो की जो पाण्यात सहज विरघळतो आणि भेगाळलेल्या त्वचेतून आत शिरतो. सिमेंटच्या इसबाचे नाते या क्रोमियमशी आहे, हे स्वित्झर्लंडमधील येगर आणि पेलोनी यांनी १९५० साली दाखवून दिले. अल्काने दार फोडावे आणि क्रोमियमने आत यावे, असा हा संगनमताचा व्यवहार आहे. आणि एकदा क्रोमियमची ओळख देहाला पटली की धंदा बदलूनही रोग पुष्कळदा वर्षानुवर्षे सुटत नाही. पायांचे रहस्यही यातच आहे. बाजारात मिळणारे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली या पद्धतीचे पेटंट मिळवले, आणि झाडाच्या सालीत आठवडेच्या आठवडे चामडे मुरवण्याची जुनी रीत तिच्यापुढे मागे पडली. गवंड्याच्या हातांना क्रोमियमची जी ओळख सिमेंटने करून दिली, तीच ओळख दिवाळीला घेतलेल्या नव्या बुटांच्या चामड्याने घामट पायांवर जागी केली. त्याच्या पायांवरचा इसब बोटांच्या पाठीवर आणि पावलाच्या वरच्या बाजूस होता, बुटाचे चामडे जेथे टेकते तेथे. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या होत्या, आणि बुरशीच्या रोगाहून हा रोग वेगळा आहे हे ओळखण्याची ती एक चांगली खूण आहे.

सिमेंटच्या याच प्रश्नाला डेन्मार्कने गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दिलेले उत्तर इतके साधे आहे की ते वाचून मन थक्क होते. सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळावयाचे. आपल्या जुन्या घरांतून हिरड्याबरोबर शाई करण्यासाठी जो हिराकस आणला जात असे, तोच हा पदार्थ. हिराकसामुळे विरघळणारे क्रोमियम न विरघळणाऱ्या रूपात जाते व त्वचेत शिरण्याची त्याची शक्ती बहुतांशी नष्ट होते. पोते दमट जागी फार दिवस पडून राहिले तर हिराकसाचा गुण ओसरतो, एवढी खबरदारी ठेवावी लागते. या उपायानंतर तेथील बांधकाम मजुरांतील क्रोमियमचा इसब लक्षणीय घटला, आणि जानेवारी २००५ पासून युरोपीय संघाने विरघळणाऱ्या क्रोमियमचे प्रमाण सिमेंटच्या दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा अधिक नसावे असा दंडकच घातला. ज्या कारणापुढे वैद्याचे मलम हतबल ठरते ते कारण कारखान्यातच, पोते भरण्यापूर्वी, काढून टाकता येते, याहून मोठा पुरावा या विषयात मला ठाऊक नाही.

पायांच्या इसबाची इतर कारणे बहुतांशी पादत्राणांतच सापडतात. रबरी सपातेच्या पट्ट्याखाली पावलावर त्याच आकाराचा इसब उठला तर रबर पक्के करण्यासाठी वापरलेल्या रसायनांवर संशय घ्यावा. बंद बुटात तळ चिकटवण्याचा राळयुक्त डिंकही अपराधी असू शकतो. परंपरागत कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची असते, म्हणून क्रोमियमची अ‍ॅलर्जी असलेल्यास ती पुष्कळदा मानवते. मात्र ती अस्सल रीतीने कमावलेली आहे याची खातरजमा करूनच घ्यावी. शाळकरी मुलांत कृत्रिम कापडाच्या मोज्यांत व बुटांत घाम कोंडून चवड्याची कातडी गुळगुळीत, लाल व तडकलेली होते, आणि ही मुले बहुधा वयात येता येता बरी होतात. दोन्ही पायांची आणि एकाच हाताची कातडी सोलवटत असेल, तर मात्र तो इसब नसून बुरशी असण्याचा संभव फार. पायांवरील बुरशीच्या प्रतिक्रियेनेही कधी कधी हातांवर पाणीदार फोड उठतात, यास्तव हातांचा रुग्ण तपासताना त्याच्या वहाणा उतरवून पाय पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

कोकणात या यादीत आणखी एक नाव घालावे लागते. काजू, आंबा आणि बिब्बा हे तिघेही एकाच वनस्पतिकुळातले, आणि तिघांच्याही चिकात त्वचेला जाळणारी, तसेच अ‍ॅलर्जी जडवणारी नातलग द्रव्ये आहेत. पोर्तुगीजांनी आणलेला काजू आज सिंधुदुर्ग आणि गोवा येथील हजारो घरांचा आधार आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ओले काजूगर काढणाऱ्या बायांची बोटे त्या चिकाने काळी पडतात, सोलवटतात, आणि त्या हातांना राख किंवा तेल माखून कामाला बसतात. तेल माखण्याची ही जुनी युक्ती शास्त्राला धरूनच आहे, कारण स्निग्ध थरामुळे चीक त्वचेला थेट भिडत नाही. परंतु एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती अपुरी पडते. घाटावरच्या शेतकऱ्याला हाच उपद्रव गाजरगवतापासून होतो. तसेच केस रंगवण्याच्या कलपात आणि ‘काळ्या मेंदी’त असणारे पीपीडी हे रसायन नाभिकांच्या व सौंदर्यप्रसाधनगृहांतील मुलींच्या हातांना छळते; अस्सल हिरव्या मेंदीने असे क्वचितच होते.

सारीच कारणे बाहेर असतात असे मात्र नव्हे. ज्यांना लहानपणी अंगावर इसब, दमा किंवा सततची सर्दी होती, त्यांच्या हातांना पुढे ओल्या कामात इसब होण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष अशा अनेकांत आढळतो, आणि या प्रथिनाच्या उणिवेमुळे त्वचा आपला ओलावा धरून ठेवू शकत नाही. याखेरीज उन्हाळ्यातला घाम, हिवाळ्यातली कोरडी हवा आणि मनावरचा ताण यांनी रोग उसळतो; साबुदाण्यासारख्या फोडांचा प्रकार तर परीक्षा, आजारपण, घरातील मृत्यू यांच्या पाठोपाठ येताना रुग्ण स्वतःच सांगतात. ही चाळवणारी कारणे खरीच आहेत. परंतु ‘तुमच्या मनाचा हा रोग’ असे म्हणून कामाचा प्रश्न टाळण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ नये.

अ‍ॅलर्जीचा संशय दृढ करण्याची पद्धत जुनी आहे. त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन याने १८९५ साली ती विद्वानांपुढे मांडली, आणि मूलतः ती तशीच आहे. संशयित द्रव्ये अत्यल्प प्रमाणात व्हॅसलीनमध्ये घोटून लहान लहान चकत्यांवर ठेवतात, त्या चकत्या ओळीने पाठीवर चिकटवतात, प्रत्येकीची जागा शाईने आखतात, आणि दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहतात. मग पुन्हा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. जेथे अ‍ॅलर्जी असेल तेथे पाठीवर हातावरच्याच इसबाची एक लहानशी, लाल, उठावदार प्रत उमटते. या काळात पाठ भिजवावयाची नाही, घाम येईल असे काम करावयाचे नाही. आणि रोजंदारीवरच्या माणसाला आठवड्यात तीन वेळा खाडा करून दवाखान्यात यावयाचे म्हणजे तीन दिवसांची मजुरी गमवावयाची. जालन्याच्या त्या गवंड्याने ती गमावली. त्याच्या पाठीवर क्रोमियमच्या जागी डाग उठला, आणि आपल्या हातांत व बुटांत एकच वैरी आहे हे त्याला डोळ्यांनी पाहता आले नाही तरी डॉक्टरांनी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात पाहता आले.

पुष्कळांची मजल येथवर पोहोचतच नाही, कारण वाटेत औषधाचे दुकान लागते. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांचे मिश्रण असलेली नळी चार दिवसांत खाज थांबवते, म्हणून ती वर्षानुवर्षे चोळली जाते. त्वचा पातळ होते, बुरशी असेल तर तिचे रूप पालटून ती लपते व पसरते, आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मोजक्या दिवसांसाठी स्टेरॉइडचे मलम हे मोठे उपकारक औषध आहे. अपाय होतो तो देखरेखीच्या अभावी. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची विक्री चिठ्ठीवाचून होऊ नये असा हुकूम काढला. काउंटरवरचा व्यवहार त्या हुकमाने किती बदलला, हे कोणत्याही नाक्यावर उभे राहून पाहता येईल.

कायद्यानेही कामातून जडणाऱ्या या रोगाची दखल घेतली होती: रसायने व रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचारोग २०२५ पर्यंत अमलात असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट होता. म्हणजे व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या वैद्यानेही त्याची खबर सरकारदरबारी द्यावी, असे त्या कायद्याच्या ८९ व्या कलमाचे फर्मान होते. परंतु चार घरची भांडी घासणारी बाई कोणत्याच कारखान्यात नोकरीस नसते, आणि ज्या मोरीत तिचे हात झिजतात ती मोरी कोणत्याच निरीक्षकाच्या इलाख्यात येत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी स्वतंत्र अधिनियम झाला, तेव्हा या कष्टांना निदान नाव तरी मिळाले. आता रुग्णालयांनी एक काम विनाखर्च करण्यासारखे आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर व्यवसायाचा जो रकाना असतो, त्यात ‘गृहिणी’ किंवा ‘मजूर’ एवढेच लिहून न थांबता, हात रोज किती तास ओले असतात, कोणत्या साबणात, कोणत्या चिकात, कोणत्या पिठात वा कोणत्या सिमेंटात जातात, आणि पायांत काय असते, हे दोन ओळींत लिहावे. सरकारी रुग्णालयांतून अशा कागदांचा एका वर्षाचा गठ्ठा जरी जमला, तरी सिमेंटात हिराकस घालण्याची मागणी कोणापुढे आणि कोणत्या आधारावर मांडावयाची, हे ठरवता येईल.